मराठी मंडळांना खुलं पत्र: गणपतीच्या हॉलमध्ये एक टेबल सरकारी फॉर्मसाठी पण मांडा

प्रति,
अमेरिकेतल्या सगळ्या मराठी मंडळांचे अध्यक्ष आणि कार्यकारिणी, तसंच बृहन्महाराष्ट्र मंडळाचे पदाधिकारी,

सप्रेम नमस्कार.

मी न्यू जर्सीत राहते, आपल्याच एका मंडळाची सभासद आहे, आणि एका कम्युनिटी हेल्थ सेंटरमध्ये लोकांना हेल्थ इन्शुरन्सचे आणि सरकारी मदतीचे फॉर्म भरून द्यायचं काम करते. मागणी सुरुवातीलाच सांगते म्हणजे ज्यांना सगळं वाचायला वेळ नाही त्यांच्यापर्यंतही पोचेल. प्रत्येक मंडळाने एक कायमचा मदत गट करावा. मेडिकेड (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी इन्शुरन्स), मुलांचा इन्शुरन्स, मेडिकेअर (पासष्टीनंतरचा सरकारी इन्शुरन्स), विक (आई आणि बाळासाठी खाण्यापिण्याची मदत), हॉस्पिटलची चॅरिटी केअर (बिलात मिळणारी माफी) हे ज्यांना नीट माहिती आहे किंवा जे शिकून घ्यायला तयार आहेत असे चार-पाच जण, महिन्यातून एकदा तरी ठरलेल्या जागी बसतील आणि मराठीत समजावून सांगतील, फॉर्म भरायला मदत करतील. कोणावर संकट आलं की व्हॉट्सअ‍ॅपवर गोफंडमीची लिंक फिरते आणि आपण सगळे पैसे टाकतो, चांगलंच आहे ते, पण त्यातल्या कित्येक बिलांसाठी रस्ता आधीपासून होता आणि तो कोणी दाखवला नाही हे मला रोज दिसतं, म्हणून लिहितेय.

पहिली प्रतिक्रिया काय येते ते मला माहितेय. “आपल्या लोकांना कशाला लागतंय हे, आपले सगळे आयटीत.” सगळे नाहीयेत हो. ओक ट्री रोडवरच्या दुकानात काउंटरला उभी असणारी बाई मराठी असते, मोटेलच्या नाईट शिफ्टला बसणारा काका मराठी असतो, गॅस स्टेशनवर आहेत, डेकेअरमध्ये आहेत, घरी डबे करून देणाऱ्या आहेत. आणि जे आयटीत आहेत त्यांचं काय? एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असताना नोकरी गेली की ६० दिवसांची मुदत, त्यात दुसरी नोकरी शोधा नाहीतर स्टेटस बदला नाहीतर सामान बांधा, आणि त्याच आठवड्यात सगळ्या घराचा इन्शुरन्स पण जातो. अशा वेळी माणूस इतका गांगरलेला असतो की कोब्राचं, म्हणजे कामावरचाच इन्शुरन्स स्वतःच्या पैशाने पुढे चालू ठेवायच्या सोयीचं, पत्र उघडून पण बघत नाही. कोब्रा महाग असतो हे खरं, पण घ्यायचा की नाही ठरवायला साधारण ६० दिवस मिळतात आणि घेतला तर मागच्या तारखेपासून लागू होतो, म्हणजे मधल्या काळात मुलाचा हात मोडला तरी मार्ग बंद झालेला नसतो. हे सांगायला कोणी एक माणूस हवा, बस.

आता मुलांचं सांगते, कारण इथे सगळ्यात जास्त लोक हक्काचं सोडून देतात. न्यू जर्सीत एनजे फॅमिलीकेअर हा राज्याचा सरकारी इन्शुरन्स आहे. त्यात मुलांसाठी उत्पन्नाची मर्यादा फेडरल पॉव्हर्टी लेव्हलच्या (केंद्र सरकारच्या गरिबी रेषेच्या) ३५५ टक्के आहे. आकड्यात सांगायचं तर २०२५ च्या हिशोबाने चार माणसांचं घर आणि वर्षाचं उत्पन्न साधारण १ लाख १४ हजार डॉलरच्या आत. परत वाचा हा आकडा. माझ्यासमोर बसून लोक म्हणतात “अहो आम्ही काय गरीब आहोत का”, आणि मुलाला वर्षभर डेंटिस्टकडे नेलेलं नसतं कारण कामावरचा फॅमिली प्लॅन परवडत नाही. २०२३ पासून तर न्यू जर्सीने १९ वर्षांखालच्या सगळ्या मुलांना हे उघडं केलंय, मुलाचं इमिग्रेशन स्टेटस काही का असेना. बाकीच्या राज्यांत नियम वेगळे, पण २००९ च्या फेडरल कायद्याने राज्यांना मुभा दिलीय की कायदेशीर राहणाऱ्या मुलांना आणि गरोदर बायकांना पाच वर्षं थांबायला न लावता कव्हर द्यायचं, आणि बऱ्याच राज्यांनी ती घेतलीय. यात एच-फोर वर, म्हणजे एच-वन-बी वाल्याच्या कुटुंबाच्या व्हिसावर असलेली गरोदर मुलगी सुद्धा उत्पन्नात बसली तर येऊ शकते. आमच्याकडे अशी मुलगी येते ती बहुतेक वेळा सातव्या-आठव्या महिन्यात, हातात बिलांची फाईल घेऊन, आणि तोपर्यंत सोनोग्राफी टाळलेली असते, रक्त तपासणी टाळलेली असते. विक म्हणजे गरोदर आणि बाळंतीण बायका आणि पाच वर्षांखालच्या मुलांसाठीची खाण्यापिण्याची मदत, तिथे तर सहसा इमिग्रेशन स्टेटस विचारत पण नाहीत. दूध, अंडी, डाळी, बाळाचा फॉर्म्युला. आपल्यातल्या कितीजणींनी विकचं नाव तरी ऐकलंय?

लोक येत नाहीत याचं मोठं कारण पैसा किंवा वेळ नाही, भीती आहे. पब्लिक चार्ज, म्हणजे हा माणूस पुढे सरकारवर अवलंबून राहील का याची ग्रीन कार्ड देताना होणारी तपासणी. “सरकारी मदत घेतली तर ग्रीन कार्ड मिळणार नाही” हे वाक्य प्रत्येक मराठी घरात पाठ आहे आणि ते अर्धवट खरं असल्यामुळे जास्त त्रास देतं. २०१९ मध्ये नियम कडक केला, २०२० च्या फेब्रुवारीत लागू झाला, २०२१ मध्ये मागे घेतला, मग २०२२ चा नियम आला. त्या २०२२ च्या नियमात कशाचा विचार होतो तर घर चालवायला मिळणारी रोख मदत आणि सरकारी खर्चाने कायमचं नर्सिंग होममध्ये (म्हणजे सांभाळ करणाऱ्या संस्थेत) राहणं. मुलांचा इन्शुरन्स, स्नॅप (किराण्यासाठीची मदत), विक, शाळेतलं जेवण, साधं मेडिकेड हे त्यात मोजत नाहीत, आणि सिटीझन मुलाने घेतलेली मदत आईबापाच्या खात्यावर लावत नाहीत. पण नोव्हेंबर २०२५ मध्ये हा नियम रद्द करायचा प्रस्ताव सरकारने आणलाय. त्यामुळे ज्यांचा ग्रीन कार्डचा अर्ज भरायचाय किंवा मधे लटकलाय त्यांना मी स्वतः कधीच “काही होत नाही, भरा” असं सांगत नाही, आधी इमिग्रेशन वकिलाशी बोला म्हणते. मंडळाच्या गटानेही हेच सांगायचं. पण ज्यांच्या हातात ग्रीन कार्ड आधीच आहे त्यांना सिटिझनशिपच्या अर्जात पब्लिक चार्जची परीक्षा नसते, हे किती लोकांना माहितेय? अगदी थोड्यांना. त्यात सुद्धा एक मेख आहे जी आपल्याच लोकांना लागते. ग्रीन कार्डवाले आई-बाबा सलग १८० दिवसांपेक्षा जास्त पुण्यात किंवा नागपुरात राहून परत आले तर विमानतळावर त्यांना नव्याने प्रवेश मागणारे समजू शकतात आणि तिथे हा प्रश्न उठू शकतो. थंडी चुकवायला ऑक्टोबरमध्ये जायचं आणि मेमध्ये यायचं हा आपल्याकडचा नेहमीचा कार्यक्रम, तिकीट काढताना कोणीतरी एवढं सांगायला नको?

दुसरी भीती माहिती कुठे जाईल याची. ही भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. २०२५ मध्ये मेडिकेडमधली माहिती इमिग्रेशन खात्याकडे दिल्याचं बाहेर आलं, वीस राज्यं त्यावर कोर्टात गेली. म्हणून ज्यांच्या घरात कोणाची कागदपत्रं नाहीयेत त्यांनी फॉर्मला हात लावायच्या आधी वकील गाठायचा, आणि फुकट किंवा कमी पैशात सल्ला देणाऱ्या संस्था आहेत. पण त्याच वेळी हेही माहिती हवं की मुलासाठी अर्ज करताना, जो अर्ज करत नाहीये त्या आईबापाला आपलं स्टेटस सांगायची सक्ती नसते. फॉर्मवर प्रत्येक माणसापुढे विचारलेलं असतं, हा स्वतःसाठी कव्हर मागतोय का. तिथे “नाही” लिहिलं की पुढचा स्टेटसचा भाग त्याने भरायचाच नसतो. किचन टेबलवर एकट्याने बसून रात्री अकरा वाजता फॉर्म भरणारा माणूस घाबरून सगळे रकाने भरतो, किंवा लॅपटॉप बंद करून झोपतो. शेजारी कोणी बसलेलं असलं तर तो “नाही” लिहितो आणि पुढे जातो. सगळा फरक एवढाच असतो.

आणि आई-बाबांचं. हा विषय मंडळांनी अंगावर घ्यायलाच हवा कारण दर वर्षी कितीतरी घरांत आई-बाबांचं ग्रीन कार्ड होतं, पेढे वाटले जातात, आणि इन्शुरन्सचा विचार त्यानंतर सुरू होतो. १९९६ च्या कायद्याने नवीन ग्रीन कार्डवाल्या मोठ्या माणसांना मेडिकेडसाठी पाच वर्षं थांबावं लागतं. न्यू जर्सीत ते लागू आहे, हडसन नदी ओलांडून न्यूयॉर्कमध्ये गेलात तर तिथे २००१ च्या कोर्टाच्या निकालामुळे राज्य स्वतःच्या पैशातून देतं. म्हणजे एक भाऊ एडिसनला आणि एक क्वीन्सला असेल तर आई कोणाच्या पत्त्यावर राहते याने केवढा फरक पडतो बघा. मेडिकेअर पासष्टीनंतर, पण त्यालाही ग्रीन कार्डवर सलग पाच वर्षं इथे राहणं लागतं, आणि इथे नोकरी केलेली नसेल तर पार्ट ए (हॉस्पिटलचा भाग) विकत घ्यावा लागतो. २०२५ मध्ये त्याचा हप्ता महिन्याला ५१८ डॉलर होता, पार्ट बी (डॉक्टरांचा भाग) चा १८५ वेगळा. “मी वीस वर्षं मेडिकेअर टॅक्स भरतोय” असं मुलगा मला चिडून सांगतो, पण त्या वीस वर्षांचं क्रेडिट आई-बाबांना मिळत नाही, कायदाच तसा आहे, त्याच्यावर चिडण्यात मी पण त्याला साथ देते आणि मग आम्ही दुसरा मार्ग शोधतो.

दुसरा मार्ग म्हणजे मार्केटप्लेसचा, म्हणजे सरकारी वेबसाइटवरून विकत घ्यायचा प्लॅन, ज्याला लोक ओबामाकेअर म्हणतात. नवीन आलेले ग्रीन कार्डवाले आई-बाबा तो घेऊ शकतात, पासष्टीच्या पुढचे असले तरी, जर फुकटचा मेडिकेअर पार्ट ए मिळत नसेल तर. इथे आल्यापासून ६० दिवसांत अर्ज करता येतो, आणि ते ६० दिवस लोक जेट लॅग, नातवंडं आणि नायगारा यात घालवतात. मग नोव्हेंबरच्या ओपन एनरोलमेंटपर्यंत (सगळ्यांसाठी नोंदणी उघडते तोपर्यंत) थांबा. २०२५ पर्यंत अगदी कमी उत्पन्न असलेल्या आणि पाच वर्षांच्या अटीमुळे मेडिकेड न मिळणाऱ्या ग्रीन कार्डवाल्यांना इथे भरपूर सबसिडी मिळायची. जुलै २०२५ मध्ये सही झालेल्या नव्या कायद्याने ती १ जानेवारी २०२६ पासून काढून घेतली. ज्यांचे आई-बाबा त्याच सबसिडीवर होते त्यांच्याकडे मोठाल्या हप्त्यांची पत्रं गेली असतील आणि त्यातल्या काहींनी ती कचऱ्यात टाकली असतील कारण वाटलं जाहिरात आहे. १ ऑक्टोबर २०२६ पासून मेडिकेडमध्ये निर्वासित आणि असायलम (आश्रय) मिळालेल्यांचे मोठे गट बाहेर पडणार आहेत, आणि २०२७ पासून मार्केटप्लेसची सबसिडी एच-वन, एच-फोर वाल्यांची पण जाणार आहे. म्हणजे नियम दर काही महिन्यांनी हलतायत, आणि फॉर्म भरायला मदत करणाऱ्या नॅव्हिगेटर लोकांचा फेडरल निधी २०२५ मध्ये जवळजवळ १० कोटी डॉलरवरून १ कोटीवर आणला. सरकारकडून मदतीचे हात कमी होतायत त्याच वर्षी गोंधळ जास्त झालाय. मंडळांना म्हणूनच आत्ता लिहितेय, पुढच्या अधिवेशनापर्यंत थांबू नका.

एक गोष्ट स्पॉन्सर मुलांनी पण समजून घ्यावी. आई-बाबांच्या ग्रीन कार्डसाठी तुम्ही आय-८६४ वर, म्हणजे त्यांचा खर्च उचलायच्या हमीपत्रावर, सही करता तो कागद औपचारिकता नाहीये. आई-बाबा सिटिझन होईपर्यंत किंवा त्यांच्या नावावर दहा वर्षांचं काम जमा होईपर्यंत तुमची जबाबदारी राहते, आणि त्यांनी काही ठराविक मदत घेतली तर ती परत मागायचा अधिकार कायद्याने सरकारला आहे. घाबरवायला सांगत नाही. माहिती असली की माणूस आधी विचारून मग पाऊल टाकतो.

व्हिजिटर व्हिसावर येणाऱ्या आई-बाबांचं थोडक्यात. स्वस्त म्हणून घेतलेला फिक्स्ड बेनिफिटवाला व्हिजिटर इन्शुरन्स प्रत्येक गोष्टीला ठरलेली छोटी रक्कम देतो आणि बाकीचं बिल तुमचं. कॉम्प्रिहेन्सिव (बिलाचा मोठा भाग देणारा) महाग असतो पण हॉस्पिटलमध्ये तोच उपयोगी पडतो. जुन्या बीपी-शुगर बद्दल “अक्यूट ऑनसेट” (अचानक उद्भवलेला त्रास) असं लिहिलेलं असतं ते वाचून घ्या, वयाप्रमाणे बदलतं. आणि काहीच नसलं तरी छातीत दुखायला लागलं तर इमर्जन्सीत न्यायला थांबू नका, १९८६ पासून कायदा आहे की मेडिकेअर घेणाऱ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीने आलेल्या माणसाला आधी तपासायचं आणि स्थिर करायचं, पैसे आणि व्हिसा नंतर. मी हे लिहितेय कारण “बिल येईल” म्हणून घरी जेलुसिल देऊन रात्र काढलेले बाबा मला माहितेत.

बिल आल्यावर काय करायचं हे तर कोणालाच माहिती नसतं. क्रेडिट कार्डवर भरू नका. पहिला फोन बिलिंगला करून आयटमाइझ्ड (प्रत्येक गोष्ट वेगळी लिहिलेलं) बिल मागा आणि फायनान्शियल असिस्टन्सचा फॉर्म मागा. नॉन-प्रॉफिट हॉस्पिटल असेल तर अशी पॉलिसी ठेवणं त्यांना २०१० च्या कायद्याने बंधनकारक आहे, आणि डिस्चार्जनंतरच्या पहिल्या बिलापासून २४० दिवसांपर्यंत अर्ज घ्यावा लागतो. व्हिजिटरना देतात की नाही हे हॉस्पिटलच्या पॉलिसीवर आहे, पण विचारल्याशिवाय कोणी देत नाही. मी बघितलंय, ज्या घराने तीन वर्षांचं पेमेंट प्लॅन सही करून टाकलं होतं त्यांना शेवटी निम्म्याहून जास्त माफ झालं, फक्त पगाराच्या स्लिपा, टॅक्स रिटर्न आणि एक पानाचं पत्र. ते पत्र लिहून द्यायला त्यांना इंग्रजी येत नव्हतं असं नाही, दोघंही शिकलेले. त्यांना मागायची लाज वाटत होती.

आता भाषेचं. आमच्याच एक्झाम रूममधली गोष्ट. सांगलीकडच्या आजी, मुलगा-सून कामावर, म्हणून बारा वर्षांची नात बरोबर आलेली, सॉकरचा जर्सी घालून, शाळेतून थेट. नात छान बोलत होती दोन्हीकडे. डॉक्टरांनी रक्तस्रावाबद्दल विचारलं आणि नात लाल झाली, आजीकडे बघितलं, आजी म्हणाल्या “काही नाही म्हणून सांग गं.” मला बोलावलं तेव्हा मी फोनवरचा मराठी इंटरप्रिटर लावायला सांगितला आणि नातीला बाहेर माझ्या टेबलवर बसवलं. फोनच्या स्पीकरवर कुठल्यातरी बाईंचा आवाज आला, “नमस्कार आजी, मी मराठीत बोलणार आहे, तुम्ही सावकाश सांगा.” आजींनी पदर सारखा केला आणि सांगायला सुरुवात केली, पाळी जाऊन बारा वर्षं झाली होती आणि गेले काही महिने परत अंगावर जात होतं. घरात कोणाला माहिती नव्हतं. ही तपासणी एक महिना पण लांबवायची गोष्ट नाही हे कुठलीही नर्स सांगेल.

हॉस्पिटलने आणि क्लिनिकने फुकट इंटरप्रिटर द्यायचा हा नियम आहे, १९६४ च्या नागरी हक्क कायद्यापासून आणि नंतर ओबामाकेअरच्या १५५७ कलमाने, आणि अगदी इमर्जन्सी सोडली तर लहान मुलांकडून भाषांतर करून घ्यायचं नाही हेही त्यात आलंय. मार्च २०२५ मध्ये इंग्रजी ही अधिकृत भाषा केल्याचा आदेश निघाला आणि भाषेच्या सोयीबद्दलचा २००० सालचा जुना आदेश रद्द झाला, म्हणून काही ठिकाणी रिसेप्शनवर “आता ते बंद झालं” असं सांगतात. कायदा तिथेच आहे, तो आदेशाने जात नाही. मागा. आणि आणखी एक, हिंदी इंटरप्रिटर लावून देतात आणि आपले लोक “चालेल” म्हणतात. तब्येतीच्या बाबतीत चालेल म्हणू नका, ज्या भाषेत तुम्हाला पोटात कसं दुखतंय ते सांगता येतं ती भाषा मागा. मंडळाने एक छोटं कार्ड छापावं, खिशात मावेल असं, एका बाजूला औषधं आणि अ‍ॅलर्जी लिहायला जागा, दुसऱ्या बाजूला इंग्रजीत ठळक अक्षरात की मला मराठी इंटरप्रिटर हवा आहे. हळदीकुंकवाच्या वाणात हे कार्ड द्या. प्लास्टिकचे डबे सगळ्यांकडे झालेत आता.

एच-फोर वरच्या ज्या बायकांना घरात मारहाण होते, इन्शुरन्सचं कार्ड आणि पासपोर्ट नवऱ्याच्या कपाटात असतो, त्यांच्याबद्दल मी इथे जास्त लिहीत नाही कारण तो खूप मोठा विषय आहे आणि त्यात शिकलेले लोक लागतात. न्यू जर्सीत मानवी ही संस्था १९८५ पासून दक्षिण आशियाई बायकांसाठी हे काम करतेय. मंडळाच्या कार्यक्रमात बायकांच्या टॉयलेटच्या दाराच्या आतल्या बाजूला त्यांचा नंबर चिकटवा, स्टेजवरून अनाउन्समेंट करू नका, आणि तसं कोणी तुमच्याशी बोललं तर “जमवून घे” हा सल्ला कृपा करून देऊ नका.

करायचं कसं ते सांगते, कारण नुसतं “करा” म्हणणं सोपं आहे. जागा आपल्याकडे आधीच आहे. रविवारी मराठी शाळा भरते, मुलं वर्गात जातात, आणि आई-बाप दोन तास कॅफेटेरियात फोन बघत बसतात. तिथे एक टेबल, एक लॅपटॉप, एक प्रिंटर. गणपतीत हॉल तर असतोच, दागिन्यांचे आणि रिअल इस्टेटचे स्टॉल लागतात त्यांच्या रांगेत एक स्टॉल. उत्तररंगसारखे ज्येष्ठांचे कार्यक्रम होतात तिथे मेडिकेअरवर एक तास, आणि तो तास इन्शुरन्स विकणाऱ्या माणसाला देऊ नका. प्रत्येक राज्यात शिप नावाचा सरकारी कार्यक्रम आहे, त्यांचे प्रशिक्षित सल्लागार मेडिकेअरबद्दल फुकट सांगतात आणि काही विकत नाहीत, त्यांना बोलवा. मार्केटप्लेससाठी संस्थेला सर्टिफाइड अ‍ॅप्लिकेशन काउन्सेलरची मान्यता घेता येते, ट्रेनिंग ऑनलाइन आणि फुकट असतं, आपले रिटायर झालेले अकाउंटंट आणि एचआरमधल्या मंडळींना ते सहज जमेल. आणि जवळच्या कम्युनिटी हेल्थ सेंटरशी ओळख करून ठेवा. ही सेंटर्स १९६५ पासून चालू आहेत, पैसे उत्पन्न बघून घेतात, इन्शुरन्स नसला तरी तपासतात. आपले लोक जवळच असून तिथे जात नाहीत कारण वाटतं ते आपल्यासाठी नाही. २११ नंबर फिरवला की आपल्या भागात कुठली मदत कुठे मिळते ते कळतं, एवढं तरी प्रत्येक मंडळाच्या न्यूजलेटरमध्ये दर वेळी छापा.

एका गोष्टीवर मात्र हट्ट धरते, गुप्तता. आपल्या मंडळात सगळे सगळ्यांना ओळखतात. “त्यांनी म्हणे मेडिकेड घेतलं” हे वाक्य भोंडल्याला एकदा कोणी बोललं की त्या गावात पुढची दहा वर्षं कोणी टेबलजवळ येणार नाही. म्हणून मदत गटातल्या माणसाने लेखी कबूल करावं की ऐकलेलं बाहेर जाणार नाही, कार्यकारिणीत सुद्धा नाही, नवऱ्याला-बायकोला सुद्धा नाही. कोणाच्या कागदांचे फोटो आपल्या फोनमध्ये काढायचे नाहीत. आणि त्याहून चांगली सोय म्हणजे मंडळांनी अदलाबदल करावी. एडिसनच्या माणसाला जर्सी सिटीचा स्वयंसेवक व्हिडिओ कॉलवर मदत करेल, डॅलसच्या माणसाला ह्यूस्टनचा. राज्याचे नियम वेगळे असतात म्हणून शक्य तिथे राज्य तेच ठेवायचं, गाव दुसरं. अनोळखी मराठी माणसापुढे लोक जास्त मोकळं बोलतात, हा माझा कामातला अनुभव आहे.

दुसरा हट्ट, या गटाने वकिली करायची नाही आणि पैसे घ्यायचे नाहीत. हे सगळे फॉर्म फुकट असतात. तरी “कन्सल्टंट” म्हणवणारे लोक शे-दोनशे डॉलर घेऊन मेडिकेडचा फॉर्म भरतात, उत्पन्न चुकीचं टाकतात, आणि पत्र आलं की फोन उचलत नाहीत. इमिग्रेशनचा प्रश्न आला की थांबायचं आणि लायसन्स असलेल्या वकिलाचं नाव द्यायचं, स्वतःच्या केसमध्ये काय झालं त्यावरून दुसऱ्याला सल्ला द्यायचा नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर जे चाललंय ते हेच चाललंय, एकाच्या साडूच्या केसवरून शंभर घरं निर्णय घेतात.

बृहन्महाराष्ट्र मंडळाला वेगळी विनंती. तुम्ही १९८१ पासून सगळ्या मंडळांना बांधून ठेवलंय, मराठी शाळांना एकच अभ्यासक्रम दिलात, म्हणजे देशभर एक गोष्ट पोचवायची यंत्रणा तुमच्याकडे आहे आणि ती चालते. राज्याप्रमाणे एक-एक पान तयार करा, साध्या मराठीत, मुलांचा इन्शुरन्स कुठे, उत्पन्नाची मर्यादा किती, गरोदरपणात काय, आई-बाबांसाठी काय, पानावर तारीख घाला आणि दर तीन महिन्यांनी बदला. ज्या राज्यात मराठी लोक जास्त आहेत तिथून सुरुवात करा, न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, टेक्सास, इलिनॉय. टेक्सासचं पान न्यू जर्सीपेक्षा निराशाजनक असेल, तरी लिहा, लोकांना खरं कळू दे. अधिवेशनात बिझनेस कॉन्फरन्सला अख्खा दिवस असतो, याला अर्धा दिवस द्या, आणि तो मुख्य हॉलमध्ये द्या, दुपारच्या जेवणानंतर कोपऱ्यातल्या खोलीत नको.

न्यू जर्सीच्या पानाचा मजकूर मी लिहून द्यायला तयार आहे, तपासून घ्यायला एक हेल्थकेअरमधला आणि एक इमिग्रेशन वकील तुम्ही शोधा. आमच्या मंडळाच्या कार्यकारिणीला आणखी एक सांगणं, पुढच्या मीटिंगच्या अजेंड्यावर हा विषय घ्या आणि मला अर्धा तास द्या. स्लाइड्स वगैरे काही आणत नाही, एक कोरा फॉर्म आणते, तो आपण सगळे मिळून तिथेच भरून बघू. शाळेच्या कॅफेटेरियाची परवानगी आणि दोन स्वयंसेवक, ज्यांना फॉर्म भरायचा कंटाळा येत नाही असे, एवढं मिळालं तर पहिलं टेबल पुढच्याच महिन्यात लावू.

कळावे, लोभ असावा.

आपलीच एक सभासद,
एडिसन, न्यू जर्सी